ओरखडाही नसलेला माणूस

रंगाच्या कारखान्यात स्फोट झाला, पेपरांनी मेलेल्यांचा आकडा छापला आणि विषय मिटला. सिस्टरचं काम तिथून सुरू व्हायचं. ती आरोग्य खात्यात नर्स होती. स्फोटातून वाचलेली माणसं पुढं कितीतरी दिवस मरत राहतात. कुणाच्या जखमा चिघळतात, कुणाची फुप्फुसं निकामी होतात, आणि ती मरणं स्फोटाच्या खात्यावर चढतच नाहीत. ती चढावीत, आणि जमलं तर माणूसच वाचावा, म्हणून सिस्टर घरोघर फिरायची. आधी कुणाकडं जायचं ते ऑफिसातला एक प्रोग्राम सांगायचा. जुन्या स्फोटांत सापडलेल्या हजारो माणसांची माहिती वाचून तो शिकला होता. कुणाचा जीव धोक्यात आहे, हा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

आणि गोम तिथंच होती. सिस्टर जायची ती मरणाच्या उंबऱ्यावरच्या माणसांकडं, त्यामुळं त्यातले बरेच दगावायचे. कामगार वस्तीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. ही बाई ज्या घराची पायरी चढते, तिथला माणूस जातो. लोकांनी तिचं नावच पाडलं, ‘चाहूल’. ती गल्लीत वळली की फटाफट दारं लागत. आधी तिला हसू यायचं. पुढं पुढं कडी वाजवताना तिचाच हात जड व्हायला लागला.

त्या रंगाच्या कारखान्यातला एक वेल्डर पाठीवर भाजला होता. जखमेत असा जंतू शिरला होता की कुठलंच औषध लागू पडेना. शेवटी आईनं त्याला दवाखान्यातून घरी आणलं. सिस्टर गेली तेव्हा आई दाराआडूनच म्हणाली, “आल्या पावली परत जा. एकुलता एक आहे माझा.”

शेजारच्या ओट्यावर कारखान्याचा गोदामवाला बसला होता. स्फोटात तो भिंतीवर आदळला होता, एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं, पण अंगावर ओरखडाही नव्हता. तो उठून दारापाशी आला.

“मावशी, उघडा हो. ही बाई मरण घेऊन येत नाही, मरणाच्या मागं धावत येते. जरा उशीर होतो बिचारीला, एवढंच.”

दार किलकिलं झालं. सिस्टरनं सांगितलं की, एका प्रयोगशाळेत जंतू खाणारे विषाणू तयार करतात. विषाणूच्या जनुकांत नेमका कोणता बदल केला की तो याच जंतूवर तुटून पडेल, हे तिथला कॉम्प्युटर सुचवतो. त्यासाठी जखमेतला थोडा पू हवा होता.

“विषाणू? म्हणजे रोगच की!”

“काट्यानं काटा काढायचा, मावशी,” गोदामवाला म्हणाला.

आईनं दार उघडलं.

त्यानंतर सिस्टर मलमपट्टीला रोज यायची. गोदामवाला अंगणात तिची वाट बघत असायचा. ती त्याच्याशी बोलायची ती अंगणातच. त्याच्या घराची पायरी तिनं कधी चढली नाही. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

एक दिवस त्यानं तीच गंमत लागोपाठ दोनदा सांगितली. चालताना एक पाय मागं रेंगाळत होता.

“डोकं दुखतं का तुमचं?”

“लग्न झालंय माझं. दुखणारच.”

“ऐकतेय मी!” आतून बायको म्हणाली.

“मी नाही ऐकत. तेवढा एक फायदा झाला बघा.”

सिस्टर हसली नाही. “डोक्याचा फोटो काढायचा तुमच्या. उद्याच.”

“आधी या पोराचं होऊ दे.”

तिनं ऑफिसात फोन लावला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, “भाजलेलं नाही, श्वास नीट. प्रोग्राम म्हणतो, हा ठणठणीत.” तरीही तिनं दवाखान्यात त्याची वेळ ठरवली. नेमका त्याच दिवशी प्रयोगशाळेतून विषाणूचं औषध आलं. वेल्डरला दवाखान्यात न्यायला गोदामवाला सोबत गेला, स्ट्रेचरला हात लावला, आणि स्वतःचं विसरून घरी परतला. जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. आदळला तेव्हापासून कवटीच्या आत रक्त झिरपत साचत होतं.

वेल्डरची जखम भरू लागली.

सिस्टर पहिल्यांदा गोदामवाल्याच्या घरात गेली ती त्याच्या बायकोला भेटायला. ती बाई रडत नव्हती.

“शेजारी रोज यायचात. आमची पायरी मात्र नाही चढलात कधी.”

“त्यांना काही होऊ नये म्हणून,” सिस्टरच्या तोंडून निघून गेलं. ते ऐकून ती स्वतःच हादरली.

मृत्यूच्या दाखल्यावर मेंदूतला रक्तस्राव एवढंच लिहिलं होतं, स्फोटाचा शब्दही नाही. सिस्टर डॉक्टरांच्या, मग साहेबांच्या मागं हात धुऊन लागली. शेवटी ते मरण स्फोटाचं म्हणून नोंदलं गेलं आणि प्रोग्रामला नव्यानं शिकवलं गेलं. तिनं बायकोला समजावलं, “आता असा न भाजलेला माणूस असला तरी प्रोग्राम मला त्याच्याकडं पाठवेल.”

“म्हणजे हे आता त्यात आहेत?”

नाही म्हणावं असं सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. “थोडेसे,” ती म्हणाली.

पुढं दुसरीकडं गॅसचं गोदाम उडालं. प्रोग्रामनं सिस्टरला एका शिंपिणीकडं पाठवलं. तिला साधं खरचटलंही नव्हतं. जिना चढताना सिस्टरला वाटलं, मागून कुणीतरी चढतंय, दम खात, कठड्याला धरून. ती थांबली की तेही थांबे. मागं वळून बघायचा धीर तिला झाला नाही. भीतीनं अंगावर काटा होता, आणि तरी त्या दिवशी कडी वाजवताना हात जड झाला नाही.

शिंपिणीनं विचारलं, “कोण तुम्ही?” सिस्टरनं सांगितलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, “कोण तुम्ही?”

“चपला घाला,” सिस्टर म्हणाली. “आत्ता निघायचं.”

ऑपरेशन झालं. शिंपीण वाचली.

सिस्टर ही बातमी सांगायला गोदामवाल्याच्या बायकोकडं गेली. जिन्यातलं सांगू की नको, असं करत करत सांगून टाकलं. ती बाई दचकली नाही.

“काही बोलले का?”

“नाही.”

“मजले किती होते?”

“तीन.”

“मग दमले असतील,” ती म्हणाली, आणि सिस्टरला पाणी आणायला आत गेली.