जमिनीवर ओढलेला तुरुंग

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो. सकाळी बससाठी उभा असताना कोसळला, म्हणाले... चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मला आधी रागच आला. इतकी वर्षं ग्रीन कार्डची वाट पाहिली आणि बेटा निघाला तो हा असा.

तो नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच टीममध्ये असल्यामुळे जेवायला रोज बरोबर. कॅफेटेरियातसुद्धा तो डब्याभोवती पाणी फिरवून मगच पहिला घास घ्यायचा आणि मी त्याची टर उडवायचो. एकदा समोर बसलेली आमची चिनी सहकारी लियू टेबलावरचं ते पाण्याचं कडं बघून हसली. म्हणाली, आमच्याकडे जमिनीवर रेघ ओढून केलेल्या तुरुंगाचा एक वाक्प्रचार आहे, चारच अक्षरांचा. फार जुन्या काळी म्हणे एका राजाच्या राज्यात गुन्हेगाराभोवती नुसतं वर्तुळ काढायचे. भिंत नाही, पहारेकरी नाही, तरी कोणी पळायचं नाही. एक लाकूडतोड्या त्या वर्तुळात उभा राहून घरी एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आईसाठी रडला, तेव्हा परत येण्याच्या बोलीवर त्याला जाऊ दिलं. आता मात्र जो स्वतःच स्वतःला बांधून घेतो त्याच्याबद्दल तसं म्हणतात.

"परत आला का तो?" सुहासने विचारलं.

"नाही आला," लियू म्हणाली.

त्या दिवशी त्याने डबा अर्धाच खाल्ला. त्याचीही आई नागपुरात एकटीच होती, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडू शकणारी. पासपोर्टवरच्या त्याच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. तेवढ्याने अमेरिकेत राहायला काही अडत नव्हतं, पण एकदा भारतात गेलं की नव्या शिक्क्याशिवाय परतता येत नाही, आणि त्यासाठी गेलेले आमच्यातले काही जण महिनोन्महिने अडकून पडले होते. "कार्ड आलं की जातो ना यार," हे त्याचं पालुपद. दर दिवाळीला तिकीट बुक करायचा आणि कॅन्सल करायचा. त्याची घुसमट मला आतून कळत होती, कारण माझाही शिक्का केव्हाच संपला होता.

त्याला नागपूरला मीच घेऊन आलो. मागचापुढचा विचार करायला वेळच नव्हता. आता काही आठवडे झाले, माझा पासपोर्ट नव्या शिक्क्यासाठी अमेरिकी वकिलातीत पडून आहे आणि मी सुहासच्या खोलीत राहतोय. काकूंनी त्याची गादीसुद्धा तशीच घालून ठेवली होती. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "तिथे त्याला कोणी अडवून ठेवलं होतं का रे?"

"नाही, काकू."

त्यांनी माझ्या पानात भाजी वाढली.

"मग?"