झाकणावरचं कुंकू

खंडेनवमी झाली आणि चारच दिवसांनी आमची मोटरसायकल बंद पडायला लागली. बसवकल्याणच्या गल्ल्यांतून दिवसभर फिरवली तरी तिला काही होत नसे. गावाबाहेर सलग बाराएक किलोमीटर गेलं की मात्र ती आचके देऊन थांबायची. जरा वेळ उभी केली की कधी लगेच चालू व्हायची, कधी पंचवीस किका मारूनही नाही.

गाडी वीस वर्षांची. मिस्त्री त्याहून जुने. त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं. त्यांनी प्लग काढून पाहिला. कोरडा आणि पांढरा.

"पेट्रोल नै पहुँच रहा," ते म्हणाले. "कार्बोरेटर का काम है."

त्यांनी कार्बोरेटर खोलला, जेटमध्ये हवा मारली, तळाच्या वाटीतला गाळ धुतला. मग कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले. गाडी झकास. दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांच्या दारात. दुसऱ्या वेळी फ्लोटची सुई बदलली, तिसऱ्या वेळी पेट्रोलची नळी. चौथ्या वेळी त्यांनी सगळं पुन्हा खोलून पुन्हा बसवलं, गाडी कापडानं लख्ख पुसली आणि म्हणाले, "अब गुलबर्गा जाके आ. कुछ हुआ तो मेरा नाम बदल."

दुसऱ्या दिवशी जायचं होतं ते त्याच वाटेवर, आळंदच्या पुढं कडगंचीला. धाकट्या बहिणीची तिथल्या विद्यापीठात मुलाखत होती. प्रयोगशाळेतली जागा, वेळ सकाळी अकरा. उशिरा येणाऱ्यांना आत घेणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं. एमएस्सी होऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि घरातून बाहेर पडायची ही पहिली खरी संधी होती. सकाळची आळंद बस आली नाही. हुमनाबादवरून वळसा घेऊन गेलं तर बारा वाजणार होते. साडेसातला आम्ही मोटरसायकलवर निघालो.

बाराव्या किलोमीटरला गाडी थांबली.

"अण्णा, आता कामून बंद पडली?"

"मला काय ठाऊक? चाचाला विचार."

"पेट्रोल तरी हाय का बघ आधी. तुझा काय नेम न्हाई."

तिनं चावी घेतली, टाकीचं झाकण उघडलं आणि आत डोकावली. "अर्धी हाय की." झाकण लावलं. मी किक मारली, गाडी चालू झाली. पुढच्या बाराएक किलोमीटरवर हेच घडलं. ती पुन्हा बघायला वाकली. पेट्रोल गळायलंय का अशी तिला शंका होती. गळत नव्हतं. गाडी पुन्हा चालू झाली.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन्हीकडे तूर, मध्ये रिकामा रस्ता. पेट्रोल आहे हे आता ठाऊक असल्यानं कोणी आत बघितलं नाही. मी तीस किका मारल्या. शर्ट पाठीला चिकटला. बहीण कागदांची पिशवी छातीशी धरून आधी रस्त्याकडं बघत होती, मग घड्याळाकडं, मग गाडीकडं. एकाएकी ती गाडीकडंच बघत राहिली.

"अण्णा, थांब. पहिल्या दोन वेळेला मी झाकण उघडलते. आता न्हाई उघडले."

"मग?"

"मग काय? चावी दे की!"

"तसं नको," मी म्हणालो. "आधी खालून बघू."

मी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. वाटीतून चार थेंब पडले आणि थांबले. अर्धी टाकी भरलेली, पेट्रोलचा कॉक उघडा, नळी नवी, तरी खाली पेट्रोल नाही. "आता उघड," मी म्हणालो. तिनं चावी फिरवली. फुस्स! आत हवा ओढल्याचा आवाज दोघांनाही स्वच्छ ऐकू आला आणि त्याच क्षणी माझ्या बोटांवर पेट्रोलची सरळ धार सुरू झाली.

ती रस्त्यातच उडी मारून ओरडली, "हवा! अण्णा, आत हवाच जायना! पेट्रोल खाली जायलंय पण त्याच्या जागी वरून हवा यायना, म्हणून अडकायलंय!"

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. आमच्या गाडीला ते चावीच्या भोकाशेजारी आहे. म्हणजे असायला हवं होतं. त्या जागी बोटभर जाड, वाळून दगड झालेला लाल टिळा होता.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन आणि मोटरसायकल. वाऱ्यानं उडू नये म्हणून आई हळद-कुंकू तेलात कालवते, आणि गाडीचा मान मोठा म्हणून तिचा टिळा टाकीच्या झाकणावर, अंगठ्यानं दाबून. लावलेलं कुंकू आमच्या घरात कोणी पुसत नाही. ते आपोआप झडलं पाहिजे.

बहिणीनं ओढणीची पिन काढली आणि टिळ्यापाशी येऊन थांबली.

"आज मुलाखत हाय. आज कुंकू पुसायचं?"

मी घड्याळ बघितलं. साडेनऊ. "मी पुसतो. माझं नाव सांग आईला."

"व्हय, म्हणजे वर्षभर तूच शहाणा म्हणून मिरवणार." तिनं पिन टोचली. "मी पुसायली न्हाई. भोक मोकळं करायली."

लाल खपल्या निघाल्या. तेलकट गाभा बोटांनी ओढून काढावा लागला. गल्लीत थांबत थांबत चालवताना त्याच्या फटीतून हवा पुरेशी झिरपत असणार, सलग पळाली की पुरत नव्हती. मग तिनं झाकण तोंडाशी धरून फुंकलं. हवा आरपार गेली. पहिल्या किकला गाडी चालू झाली.

पुढचे बारा किलोमीटर ती माझ्या खांद्यावरून मीटरवरचे आकडे बघत होती. तेरावा गेला. चौदावा गेला. "पळायलीय!" ती मागून माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत ओरडली. आळंद मागं पडलं. विद्यापीठाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकराला अठरा मिनिटं कमी होती. ती मागं न बघता धावत आत गेली.

दीड वाजता बाहेर आली.

"पैला काय विचारले?" मी म्हणालो.

"हात कामून लाल हायेत म्हणून."

"मग?"

"मग काय, सांगत बसले. टाकी, हवा, दाब, सगळं. तिथल्या फळ्यावर टाकी काढून दाखवले. दुसरा सवाल विचारायला त्यांना दहा मिनिटं लागली." तिनं हात पुढं केला. "चावी दे. आता मी चालवते."

निवडीचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. मुलाखतीच्या दिवशी मात्र आम्ही परतताना कुठंही न थांबता थेट चाचांच्या दुकानापुढं उतरलो. तिनं त्यांना झाकण दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, भोकाला बोट लावलं आणि मान हलवली.

"चार बार कार्बोरेटर खोला मैं," ते म्हणाले. "चार बार पूरी गाडी पोंछा. और चारों बार ये टीका बचा के पोंछा. तेरी माँ का लगाया हुआ है ना, बेटी. हात कैसा लगाता?"