माळवद, गूळ आणि व्यसनमुक्तीचे अध्यक्ष

कमलनगरच्या आमच्या गल्लीत व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षांच्या परसात दोन पिंपं आंबलेलं गुळाचं पाणी सापडलं. अध्यक्ष मीच होतो.

भानगडीचं मूळ आमच्या छतात होतं. घर जुनं, माळवदाचं. म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत इतका गारवा, की त्यात दुपारची झोप काढता यावी म्हणूनच मी मास्तरकीतून निवृत्त झालो, असं सौ. महानंदाचं म्हणणं. (खरं आहे.) पण पावसाळ्यात बाहेरचा पाऊस थांबला तरी आमचा घरात सुरूच! मे महिन्यात माहेरी हळ्ळीखेडला निघताना तिने दारातच निकाल सांगितला.

"पंधरा दिसांनी येते. आवंदा पाणी गळलं की माळवद मोडायचं आन् स्लॅब टाकायचा. घमेली मांडून मांडून माझी कंबर मोडली."

"आगं, स्लॅबखाली उन्हाळ्यात भाजून निघशील!"

"भाजीन. कोरडी तरी ऱ्हाईन!"

माझी झोप धोक्यात आली. मी तडक मस्तानचाचांकडे गेलो. चाचा म्हणजे चुन्याचं काम येणारे आमच्या भागातले शेवटचे गवंडी. त्यांनी जुना उपाय सांगितला: माळवदावर चुन्याचा कोबा करायचा, म्हणजे जाड थर थापून बसवायचा, आणि चुन्यात मुरवलेलं गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं. सिमेंट नको, डांबर नको, केमिकल तर नकोच.

"सर, पानी दस-बारा दिवस सडू द्या. जितका वास, तितका कोबा पक्का!"

वासाच्या बाबतीत मी कमी पडलो नाही. परसात दोन पिंपं भरली, वरून पोती झाकली. त्या उन्हात चौथ्या दिवशी बुडबुडे आले. सातव्या दिवशी वास भिंत ओलांडून शेजारच्या गंगाक्काकडे गेला. नवव्या दिवशी गंगाक्काची शेळी तिकडून इकडे आली, पिंपाबाहेर सांडलेला चोथा खाऊन गेली आणि भर गल्लीत आडवी चालू लागली!

"सर," भिंतीवरून गंगाक्का म्हणाली, "माझी शेळी आशी कामून करायली?"

"ऊन लागलं असंल," मी म्हणालो. (महानंदाला चकित करायचं म्हणून मी सगळंच गुपित ठेवलं होतं. गाढवपणा, दुसरं काय!)

इथे एक सांगायला हवं. गंगाक्का आमच्या समितीच्या महिला पथकाची पुढारी. हातभट्टीवर धाड कशी घालायची, याचं शिक्षण त्या बायकांना मीच दिलेलं. "विचारत बसू नका! आधी पिंप आडवं करा, मग चौकशी!" या वाक्याला मी दर भाषणात टाळ्या घेत असे.

बाराव्या दिवशी चाचांनी एका पिंपातलं पाणी कळशीकळशीने माळवदावर नेलं. मी खाली चुना चाळत होतो. चुना डोळ्यांत जाऊन डोळे लालभडक झाले. कमरेत उसण भरली, म्हणून काठी टेकत, झोकांड्या खात मी उरलेलं पिंप ढवळायला गेलो. नेमकं तेव्हाच परसाचं दार धाडकन उघडलं. आठ बायका, आठ दांडकी, आणि सर्वांत पुढे महानंदा! तीन दिवस आधीच आलेल्या बायकोला गंगाक्काने बसमधून उतरताच गाठलं होतं.

"आगं बया! मी नसताना ह्येच करायलाव व्हय?"

"आगं, हे छतासाठी—"

"छतासाठी दारू? छत पितंय व्हय?"

"गंगाक्का, तुमी तरी जरा विचारा—"

"विचारत बसू नका म्हनून तुमीच शिकवलाव की!" असं म्हणत गंगाक्काने पिंप आडवं केलं. माझं शिक्षण किती पक्कं होतं ते त्या दिवशी कळलं.

गोंधळ ऐकून चाचा वरून ओरडले, "अरे अक्का, दारू नै! चुन्यात घालायचं पानी है!" मग सगळ्या वर गेल्या. कळशीत बोट घातलं, हिरडे हुंगले आणि एकमेकींकडे बघू लागल्या. महानंदा तर ओशाळून पदराशी चाळा करत होती. मला मनातून फार बरं वाटलं.

"आता कोबा थापायला मानसं लागतील," चाचा म्हणाले, "आन् आभाळ तर भरून यायलंय."

बायकांनी दांडकी टाकली आणि थाप्या उचलल्या. पुढचे तीन दिवस त्यांनी गाणी म्हणत माळवद असं बडवलं, की माझ्यावरचा सगळा राग त्यात उतरला असावा. मीही हट्टाने थापी घेतली. अध्यक्षांनी बघत बसणं बरं दिसत नाही.

जूनमध्ये पाऊस कोसळला. महानंदा मान वर करून खोल्याखोल्यांतून फिरली. स्वयंपाकघर कोरडं, माजघर कोरडं, देवघर कोरडं!

"ऱ्हाऊ द्या तुमचं माळवद," ती म्हणाली.

मला गहिवरून आलं. डोळे पुसायला सोप्यातल्या माझ्या आरामखुर्चीत टेकलो, आणि टाळूवर टप्पकन थेंब पडला.

उघडीप झाल्यावर चाचा वर जाऊन बघून आले. "सर, बायकांनी थापलं ते लोखंड झालंय. एकच कोपरा गळायलाय. तुमी थापलाव तो."

महानंदाने लगेच निकाल दिला. स्लॅब रद्द, पण खुर्ची तिथून हलवायची नाही!