फोटोतली पाठ

"त्यानी जोड कोन?" कुणाही पैलवानाचं नाव निघालं की नाना आधी हेच विचारत. त्याच्या तोडीचा कोण होता हे कळल्याशिवाय कौतुकाचा शब्द तोंडून निघेल तर शपथ!

असा एखादा म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेल. कान मोडलेले, मान जवळजवळ गायब, आणि नमस्काराऐवजी थेट मनगट पकडणारा. धुळ्याकडचे आमचे नाना तसेच. जळगावात खानदेशातल्या नामवंत खेळाडूंचं संग्रहालय उभं राहत होतं आणि भिंती सजवायचं काम माझ्याकडे होतं. मानकरी म्हणून नानांचं नाव कुणी विरोध न करता ठरलं.

त्यांनी एकच फोटो दिला. जत्रेतल्या आखाड्यात दोन पैलवान भिडलेले, नानांचा चेहरा स्वच्छ, दुसऱ्याची नुसती पाठ. ती कुस्ती बरोबरीत सुटली होती. संग्रहालयाच्या समितीने नव्या प्रतीत पाठ कापून टाकली आणि नानांना मोठं करून चौकटीत बसवलं. मानकरी एक, मग फोटोत दोघे कशाला?

भिंत बघायला आलेल्या नानांनी ती चौकट खिळ्यावरून उतरवली आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. चहालाही नको म्हणाले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

"एकला माणूस कुस्ती खेळस का रे भाऊ? मंग माले बी काढी टाका."

"पण नाना, पाठीवरून कोण ओळखणार त्यांना?"

त्यांनी फोटोच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, तो रावेरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. वारला तेव्हा नाना घरच्यांना भेटायला गेले होते. "घरमा फोटू नही. पाटवर त्याना फेटा ठेयेल व्हता, त्यालेच हार घालेल व्हता. बठ्ठा जगमा त्याना हाऊ एकच फोटू शे."

एवढं बोलून त्यांनी चौकट माझ्या हातात दिली. समितीशी मी चांगला भांडलो. अखेर फोटो अख्खा लागला, खाली दोघांची नावं आली. पण उद्घाटनाच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, नाना गेले.

उद्घाटनाला रावेरहून त्या पैलवानाची बायको आली, मुलाचा हात धरून. मी फोटो दाखवला. मला वाटलं, नाव वाचून दाखवावं लागेल. तिने काचेवरून त्या पाठीवर तळवा ठेवला.

"हेच ते," ती म्हणाली. "शेवटी पार वाळून गेले होते. इथं बरे दिसतात."

हे ऐकायला नाना हवे होते.