फळमाशीवाले साडू

माझ्या साडूंइतका माशीचा मान राखणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार करायचो, तेव्हा ते स्वतः बहुधा माझ्याहून जास्त वाकलेले असत, एखाद्या सडक्या पेरूवर बसलेल्या फळमाशीपुढे.

त्यांची सारी नोकरी दिग्रसच्या बसस्थानकावर झाली. धुळीच्या लोटातून येणारी गाडी कुठल्या आगाराची, हे ते फाटकापासून सांगत. निवृत्त झाल्यावर ती नजर रिकामी राहीना, म्हणून घड्याळजीकडचं जुनं भिंग त्यांनी मोबाइलला रबरानं बांधलं आणि बांधाबांधानं फळमाश्यांचे फोटो काढत हिंडू लागले. कारल्याच्या मांडवाखाली तास-तास पालथे पडून राहत. पांढरकवड्याच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांना हे गायब झाले आणि सापडले ते आचाऱ्याच्या मागे, काकडीच्या सालींच्या ढिगाजवळ. चारचौघांत लाज आणली म्हणून मेव्हणी चिडली, तेव्हा शांतपणे म्हणाले, ‘‘लोकं तं रोजच दिसतेत. हे पंखावर ठिपकेवाली आज दिसून राह्यली.’’

ती वर्षं कापूस बिघडल्याची होती. बोंडात अळी आणि प्रत्येकाच्या तोंडात उत्तर. औषधाचा दुकानदार पान न पाहता औषध सांगे, पुढारी गाडीतून न उतरता कारण सांगत, आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ तर शेत न पाहताच दोन्ही सांगत. ‘फोटोवरून नक्की सांगता येत नाही’ असं म्हणणारा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि वेडा म्हणून लोकांनी त्यालाच निवडलं होतं. जगभरचे माशीवेडे जिथे फोटो टाकून जाती ओळखतात, अशा एका संकेतस्थळावर साडू आपले फोटो टाकत. तिथं कुणी परस्पर नाव देऊन टाकलं, तर ‘पोटावरची रेघ दिसत नाही, कशावरून म्हणता?’ असं विचारून त्याला भंडावून सोडत.

त्यांच्या शेजारी विमलताईंची पेरूची पंधरा-वीस झाडं होती. पेरूत अळ्या निघाल्या. दुकानदारानं ऐकूनच निदान केलं, की कापसातली बोंडअळी आता पेरूत शिरली आहे, आणि तीन औषधं एकत्र कालवून फवारायला सांगितलं. विमलताईंचा नवरा आदल्याच आठवड्यात कापसावर फवारताना भोवळ येऊन पडला होता. दवाखान्यातून नुकताच आलेला तो माणूस भिंत धरून चालत होता, आणि तोच पुन्हा पंप पाठीला लावायला निघाला. साडू फाटकात आडवे उभे राहिले. दोन दिवस मागून घेतले आणि ते दोन्ही दिवस पेरूखाली काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विमलताईंना फोटो दाखवला, पंखाच्या टोकाला सुटा ठिपका असलेल्या माशीचा.

‘‘हे बोंडअळी नोहे, बाई. फळमाशीची अळी हाये, फळाच्या आत बसली. तुयं औषध तिच्यापाशी पोचत नाही. पोचन तं तुया नवऱ्याच्या नाकात.’’

पडलेले पेरू वेचून खोल पुरायचे आणि झाडांना माशीचे सापळे टांगायचे, एवढंच त्यांनी सांगितलं. निम्मा बहार हाती आला. नवरा पुरता हाती आला. दुकानदारानं मात्र गावभर सांगितलं, की म्हाताऱ्यानं नव्या अळीचं संशोधन दडपलं.

शेवटच्या वर्षी रानातल्या एका फळावर त्यांना एक माशी दिसली, जिचं नाव कुणालाच सांगता येईना. मोठ्या जाणकारांनी कळवलं, जात बहुधा नवी असावी. पण फोटोवर भागणार नाही, मारून नमुना पाठवा. माशी तेव्हा डबीतच होती. मी म्हटलं, ‘‘भाऊ, पाठवून द्या. तुमचं नाव होईल.’’

त्यांनी डबी उजेडाकडे धरली. मग म्हणाले, ‘‘आपल्या इकडे औषधानं मरनं काय कमी हाये? हे एक जाऊ दे.’’ आणि झाकण उघडलं.

साडू जाऊन आता दोन वर्षं झाली. तो फोटो त्या संकेतस्थळावर अजून आहे. खाली लिहिलेलं आहे, ‘ओळख पटलेली नाही.’ मी अधूनमधून तो उघडतो. माशीतलं मला काही कळत नाही. फोटोच्या कडेला, किंचित धूसर, त्यांचं एक बोट आलंय, तेवढं मात्र मी नक्की ओळखतो.