सत्तेचाळीस नंबरचे दोन दगड

किसननाना गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, रेखानं केला. तेरावं झालं की या काका, घराचं काय ते ठरवू, असंही तिनं सांगून टाकलं. मी सिल्लोडहून रिकाम्या हातानं या शहरात आलो आणि जुनी घरं उतरवून त्यांचे दगड, खांब, दारं विकत मोठा झालो. नानांचं घर मिळावं म्हणून सहा वर्षं त्यांच्या ओट्यावर चहा प्यायलो. क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवरचं ते घर त्यांच्या आजोबांनी बांधलं, ते दगडाचे ठेकेदार. त्यात लाकडाचा एक तुकडा नाही. छत दगडी, फडताळं दगडी, पुढचं दारसुद्धा अखंड दगडाचं. वर-खाली दगडी खुंट्या, एका हातानं ढकललं की फिरतं.

शेवटी नाना 'हो' म्हणाले. गुडघे दुखत होते, मुलगी पुण्याला बोलवत होती. इसार देऊ लागलो तर म्हणाले, शब्द दिलाय ना. विटांचाही इसार देणारा मी, तिथं पैसे परत खिशात घातले... असं घर दुसरीकडे जसंच्या तसं चढवायचं तर उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर ऑइलपेंटनं नंबर टाकावा लागतो. माझी माणसं आठ दिवस ते करत होती आणि नाना काठी टेकत त्यांच्या मागं मागं. नवव्या दिवशी शेजारच्या प्लॉटवर पाया खोदायला मशीन लागलं आणि घराचा मागचा कोपरा खाली आला. मी मनात म्हटलं, तेवढी मजुरी वाचली. नानांनी दौलताबादहून गवंडी आणला, माझेच नंबर बघून कोपरा पुन्हा उभा केला, आणि मला निरोप धाडला की घर विकायचं नाही.

मी गल्लीत उभा राहून नको नको ते बोललो. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, सत्तेचाळीस नंबर दोनदा टाकलाय तुम्ही. गवंडी लई परेशान झाला."

दोन वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. नाना दवाखान्यात आहेत असं कळल्यावर गेलो, तेही जाब विचारायलाच. पहिल्यापासून फसवायचंच होतं का?

"नाय. खरंच विकणार व्हतो," नाना म्हणाले. "तुमच्या पोरांमागं आठ दिवस फिरलो, तवा घर पाह्यलं. तोवर नुसता राहत व्हतो."

माफी मागितली नाही. मला ती हवी होती, आजही हवी आहे.

तेराव्यानंतर रेखासमोर बसलो. तिला घर विकायचंच होतं. ते धड उतरवू शकेल असा शहरात मी एकटा. दुसरा कुणी फोडून खडी करेल. असा सौदा जन्मात आला नव्हता... मी म्हणालो, विकत नको, भाड्यानं दे, ऑफिस थाटतो. विकत घेतलं तर एक दिवस मी ते उतरवीन, एवढं मी स्वतःला ओळखतो. दर महिन्याला पैसे येतील म्हटल्यावर ती तयार झाली, पण भाड्यावरून आम्ही दोन तास भांडलो. करार लिहिताना मी एक अट घालायला लावली, भाडेकरूनं भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही.

रेखा लिहिता लिहिता थांबली. "काका, भाडेकरू तुम्हीच आहात. आणि हे तर बाबा बोलल्यासारखं झालं."

"त्यांचं नाव काढू नको," मी म्हणालो. "अट माझी आहे. लिही."