गोगलगाय आणि चिमूटभर मीठ

बाथरूमच्या फरशीवर शेंबडी गोगलगाय निघाली. शंख नसलेली, लिबलिबीत, मागे चिकट चकाकी सोडत थेट माझ्या पायाकडे येणारी. मला शिसारी आली.

"अहो, मीठ टाका तिच्यावर," बायको म्हणाली.

मी चिमूट धरली आणि हात थांबला. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसंच हिचं होणार. बाहेर खारट झालं की पेशींतलं पाणी पातळ पडद्यांतून तिकडे धाव घेतं. म्हणजे ही जिवंतपणी पाझरत आटणार, आणि उरलेला बुळबुळीत चोथा मीच पुसायचा.

किळस गिळून तिला वर्तमानपत्रावर घेतली आणि बाहेर सोडून आलो.

"माझ्या कुंडीत नाही ना सोडलीत?"

"छे, शेजारच्या काकूंच्या."

ती मनापासून हसली. माझ्या अंगठ्यावरचा चिकटा मात्र साबणानंही जात नव्हता.